'पर्शिया', 'फारस', 'इराण' : कुठे काय लिहावं?

प्रश्न : नकाशाखाली ओळ द्यायची आहे, 'इ.स.पू. ५२५ मध्ये इराणने इजिप्त जिंकला'. 'इराण' ठेवू की 'पर्शिया' करू? एकाच देशाची ही जुनी-नवी नावं आहेत ना?

उत्तर : नाहीत. 'पार्स' हे मुळात एका मुलखाचं नाव, म्हणजे शिराझ ज्यात येतं तो आजचा फार्स प्रांत. पश्चिम इराणातल्या बेहिस्तूनच्या कोरीव लेखात हखामनी घराण्याचा सम्राट पहिला दार्यवहू (इंग्रजीत डरायस) आपल्या ताब्यातले २३ मुलूख एकेक करून सांगतो. पार्सचं नाव सर्वांत आधी येतं, पण ते तेविसांतलं एक. पुढे बाबिल (बॅबिलोन), इजिप्त, बॅक्ट्रिया (आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तरेचा भाग), गंधार. सबंध राज्याला त्या एका मुलखाच्या नावाने ओळखायची सवय ग्रीकांची. ती लॅटिन-इंग्रजीमार्गे आपल्याकडे 'पर्शिया' होऊन आली. अरबीत 'प' नाही म्हणून 'फार्स', आणि त्यावरून आपली 'फारसी'. 'पारशी' आणि 'पारसनीस' यांत मात्र मूळचा 'प' टिकून आहे, आणि मराठीने ही दोन्ही रूपं सांभाळली याचं मला फार अप्रूप आहे.

'इराण'ही काही नवं नाव नव्हे. सासानी घराण्याचा (इ.स. तिसरं ते सातवं शतक) राजा पहिला शापूर स्वतःला 'एरान आणि अनेरान' यांचा शहेनशहा म्हणवतो : इराण, आणि जे इराण नाही तेसुद्धा! रेझा शाहने १९३५ साली परदेशी सरकारांना 'पर्शिया'ऐवजी 'इराण' लिहायला सांगितलं, एवढाच तो बदल.

तेव्हा ओळ अशी करा : 'इ.स.पू. ५२५ मध्ये हखामनी सम्राट दुसरा कंबुजिय (कॅम्बिसिस) याने इजिप्त जिंकला.' कर्ता राजा किंवा घराणं ठेवा. आजच्या देशाचं नाव फक्त ठिकाण सांगताना जोडा : 'तेसिफोन, आजच्या इराकमध्ये, बगदादजवळ'. नाहीतर सासानींची ही राजधानी वाचक इराणच्या नकाशात शोधत राहतो.

आणखी एक उत्तर : वरच्याशी सहमत. त्याच नकाशात 'सीमा' हा शब्दही टाळा. रेघ दिसली की वाचक तिथे खांब आणि चौकी गृहीत धरतो. उस्मानी (ऑटोमन) तुर्क आणि इराणचे सफवी यांच्यात १६३९ साली झुहाबचा तह झाला, तरी कुठला किल्ला आणि कुठली टोळी कोणाकडे एवढंच त्यात ठरलं. मोजणी करून खांब रोवले गेले ते १९१४ मध्ये. हखामनींबद्दल 'अंमल गंधारपर्यंत होता' म्हणा आणि नकाशातला रंग कडेला फिकट करत न्या. 'सरहद्द' चालेल, कारण 'वायव्य सरहद्द प्रांत' यात तो शब्द रुंद पट्ट्यासाठीच आला आहे. 'शीव' नको; ती गावाची, ओढ्याने किंवा दगडाने दाखवता येणारी.

प्रश्न : मग 'फारसी साम्राज्य' म्हटलं तर?

उत्तर : नको. मराठीत 'फारसी' म्हणजे भाषा, आणि 'पारशी' म्हटलं की मुंबई-नवसारीचा समाज. 'इराणी' लिहितानाही जपा : भाषाकुळ म्हणून पश्तो, कुर्दी, बलुची या सगळ्या इराणी भाषाच, पण पश्तो बोलणारे बहुतेक जण अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानात आहेत.