नर्सबाईनं आधी शिकवायचं कुणाला, आईला की आजीला?

जांबोटीची लेक:
गेल्या पावसाळ्यात माहेरी गेले होते. भावाच्या दीड वर्षाच्या पोराला जुलाब लागलेले. घरात ओआरएसचं पाकीट होतं, पण आईनं अर्धी पुडी एकाच पेल्यात कालवली. औषध कडक असलं की जुलाब लवकर थांबतात, असं तिचं म्हणणं. पोर तोंड वाकडं करून थुंकत होतं. तेवढ्यात आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई आल्या. रागावल्या नाहीत. लिटरची बाटली भरून आणली आणि आमच्याच स्टीलच्या पेल्यांत ओतली. बरोबर पाच पेले झाले. "आव्वा, पाच पेल्यांना एक पुडी. मीठ जास्त झालं तर जुलाब वाढतात. आता तुम्ही करून दाखवा." आईनं केलं. आता गल्लीत तीच सगळ्यांना पेले मोजून देते.

म्हणून माझं मत, नर्सबाईंनी आठवड्यातला एक दिवस फक्त घरोघरी शिकवायला ठेवावा, आणि आजीला पुढं बसवावं. बाळंतिणीचं पहिलं दूध, म्हणजे चीक, पाजायचा की टाकायचा, सहा महिन्यांच्या आत गुटी आणि पाणी द्यायचं का, हे आमच्याकडं सासूच ठरवते.

निपाणीची सिस्टर:
ताई, मनापासून लिहिलंत, पण मला पटत नाही. सपाट भागात ५,००० आणि तुमच्यासारख्या डोंगराळ भागात ३,००० लोकांमागं एक उपकेंद्र, हा नियम. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, रजिस्टरं, मोबाईलवरची नोंद. त्यातून अख्खा दिवस कुठून काढू? गावोगावच्या आरोग्यसेविका, आशा, २००५ पासून आहेत, अंगणवाडीच्या ताई गावातल्याच आहेत. घरात शिरून सांगायचं काम त्यांचं.

उचगावचा बाप:
मला वेगळीच भीती वाटते. आजीला पुढं बसवलं की सुनेचं तोंड कायमचं बंद. आमच्या बाळाला सहाव्या आठवड्यात पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या लशीची सुई दिली, रात्री ताप आला. दहाव्या आठवड्याच्या सुईला आई अडून बसली. बायकोला सगळं ठाऊक होतं. नर्सबाईंनी सांगितलं होतं, सुईनंतर ताप येतो, दोन दिवसांत जातो. पण तिचं घरात कोण ऐकतंय? शेवटी मी रजा काढून बाळाला घेऊन गेलो. सुनेला बळ द्या, आणि बापाला बसवा समोर.

जांबोटीची लेक:
दादा, तुमच्या आईंना तापाचं आधीच कुणी समजावलं असतं तर त्या अडल्याच नसत्या. हेच तर म्हणतेय मी.

उचगावचा बाप:
असेल. तरी निर्णय आईबापाचाच हवा.

कंग्राळीकर:
भाषेचं कुणी बोलतच नाही! आपण बेळगावकडची मराठी माणसं कर्नाटकात, म्हणून पत्रक कन्नडमध्ये, भिंतीवरचा तक्ता कन्नडमध्ये. गरोदर बाईला मिळतं ते तायी कार्ड म्हणजे आईचं कार्ड, आमच्या बाया ते 'ताईचं कार्ड' म्हणून सांभाळतात. घटनेतलं कलम ३५० अ मातृभाषेची सोय सांगतं, पण ती प्राथमिक शाळेपुरती. जुलाबात झिंकची गोळी १४ दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी बंद करायची नाही, हे आजीला न कळणाऱ्या भाषेत सांगून काय उपयोग?

निपाणीची सिस्टर:
इथं राहायचं तर कन्नड यायलाच हवं, असं मी म्हणते. पण आजारी पोर मांडीवर असताना भाषा शिकवत बसायचं नसतं, हेही खरं. विजापूरकडून आलेली आमची सहकारी पहिल्या महिन्यातच मराठीत 'उकळून गार केलेलं पाणी' म्हणायला शिकली.

आणि ताई, तुमच्या पेल्यांवर विचार केला. दिवस नाही देऊ शकत. पण सुई दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवूनच ठेवतो आम्ही. बऱ्याचदा बाळ आजीच्याच कडेवर असतं, आणि तो अर्धा तास सगळ्या नुसत्या भिंतीला टेकून बसतात. तेवढा वेळ माझा.

जांबोटीची लेक:
चालेल. आईला सांगते, येताना घरचा पेला घेऊन या म्हणून.

उचगावचा बाप:
आणि बापांना?

निपाणीची सिस्टर:
या की. अजून एकही आलेला नाही.