अण्णांचे आकडे

सचिव (ए-१०२): नमस्कार मंडळी. अण्णांचं तेरावं रविवारी आहे. सकाळचे विधी घरातच होतील, साडेबारानंतर सोसायटीतल्या सगळ्यांनी जेवायला यायचं आहे. हार-फुलं आणू नयेत, ही काकूंची विनंती. दुसरा विषय कोजागिरीचा. दूध आणि भेळ दरवर्षीप्रमाणे होईल. हाऊजी ठेवायची का? मतं सांगा.

सी-४०१: यंदा नको असं माझं स्पष्ट मत. दूध घेऊ, अण्णांबद्दल चार शब्द बोलू आणि घरी जाऊ. त्यांच्या खुर्चीवर बसून दुसरं कोणी आकडे पुकारतंय, हे मला ऐकवणार नाही.

बी-२०३: सहमत. 🙏

ए-३०४: मला नाही पटत. आमची धाकटी आत्तापासून विचारतेय, "अण्णा आजोबा नाहीत तर बारा कोण म्हणणार?" बारा निघाला की ते विचारायचे, "सातबारा कोणाच्या नावावर?" ज्याच्या तिकिटावर बारा असेल त्यानं उभं राहून "माझ्या!" असं ओरडायचं. पोरं दुसऱ्या बक्षिसापेक्षा बाराची जास्त वाट बघतात.

डी-१०१: जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी आणि अण्णा एसटीत एकाच डेपोत. मी ड्रायव्हर, ते कंडक्टर. गणपतीच्या जादा गाड्या घेऊन आम्ही रात्रभर कोकणात जायचो. कशेडी घाटात गाड्यांची रांग लागली की दोन-दोन तास चाक हलायचं नाही. पोरं रडतायत, कोणाला मळमळतंय, कोणी भांडायला उठलंय. अण्णा मधल्या वाटेत उभे राहायचे आणि सांगायचे, "सगळ्यांनी तिकिटं हातात घ्या. मी आकडा पुकारतो. ज्याच्या तिकिटाचे शेवटचे दोन आकडे जुळतील त्याला चिक्की." चिक्की स्वतःच्या पैशांची, खाकी शर्टाच्या खिशात पुडी असायचीच. आकडा नुसता कधी पुकारला नाही. प्रत्येकाला काहीतरी जोडायचे. भांडायला उठलेला माणूससुद्धा तिकीट शोधायला लागायचा. आपली हाऊजी त्या गाडीत सुरू झाली, क्लब हाऊसमध्ये नाही. आणखी एक सांगतो. गणपतीला कोकण, आषाढीला पंढरपूर, दिवाळीत तर रजा मागायचीच नाही. लोकांना सणाला घरी पोहोचवणारा माणूस स्वतः कधी सणाला घरी नसायचा. निवृत्तीच्या दिवशी मला म्हणाले होते, "आता एकही सण सोडणार नाही, व्याजासकट वसूल करणार." तो वसूल आपण सगळ्यांनी बघितलाय.

डी-२०२ (अण्णांचा मुलगा): काका, हे चिक्कीचं आम्हाला माहीतच नव्हतं. आमची लहानपणीची दिवाळी सांगतो. लक्ष्मीपूजनाला बाबा नसायचे. पाडव्याला सकाळी साडेसहाला यायचे, डोळे लाल, शर्टाला डिझेलचा वास. आई त्यांच्यासाठी दोन भुईनळे बाजूला ठेवायची. झोपण्याआधी ते आम्हाला अंगणात न्यायचे आणि लख्ख उन्हात भुईनळे लावायचे. उजेडात काही दिसायचं नाही, नुसता धूर आणि सुर्र आवाज. बाबा टाळ्या वाजवायचे, म्हणून आम्हीही वाजवायचो. शेजारी हसायचे. मला मोठा होईपर्यंत भुईनळा सकाळीच लावतात असं वाटायचं.

ए-३०४: 😢❤️

बी-५०२: वहिनींना त्रास नको म्हणून इथे विचारते. अण्णांचं नेत्रदान झालं ना? दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असताना चालतं का?

बी-३०१ (डॉक्टर): चालतं. मोतीबिंदू आतल्या भिंगाचा असतो, दान होतं ते पुढच्या पारदर्शक पटलाचं, म्हणजे बुबुळाचं. चष्मा, मधुमेह, रक्तदाब यांचीही आडकाठी नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करायचा. त्या रात्री अण्णांच्या सूनबाईंनी पंखा बंद केला, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली. सगळं बरोबर केलं. टीम आली आणि वीसेक मिनिटांत काम झालं. चेहरा जसाच्या तसा. दोन माणसांना त्यांची बुबुळं मिळू शकतात. ज्यांना फॉर्म भरायचा असेल त्यांनी मला सांगा, पण घरच्यांना इच्छा सांगून ठेवा. ऐन वेळी हो म्हणायचं त्यांनाच असतं.

बी-५०२: आमच्या घरचे चार फॉर्म.

सी-४०१: माझाही. हाऊजीबद्दल मात्र मत तेच.

डी-२०२ (अण्णांचा मुलगा): थांबा, आई स्वतः बोलतेय, मी टाइप करतोय.

"मुलांनो, सगळं ऐकलं. हाऊजी ठेवा. आकडे मी पुकारीन. पण एक अडचण आहे. दरवर्षी मी दुधाच्या पातेल्याशी असते. खाली लागू नये म्हणून ढवळत बसावं लागतं. त्यामुळे यांचे निम्मे आकडे मी कधी ऐकलेच नाहीत, लांबून तुमचं हसणं तेवढं यायचं. ज्याला जे आठवतं ते इथे लिहा. ३६ लिहू नका, तो मला माहीत आहे."

ए-३०४: काकू 🙏🙏 बारा आलाच आहे वर.

सी-१०३: २८ ला काही बोलायचे नाहीत. उभे राहून कमरेवर हात ठेवायचे, की सगळी पोरं "विठ्ठल!"

ए-२०१: २१. "उकडीचे की तळणीचे?" मग कोकणवाले आणि देशावरचे यांचं पाच मिनिटं भांडण. खेळ थांबलेला. 😄

डी-१०१: ६६. "मुंबई-गोवा! खड्डे सांभाळा." हायवेचा नंबर आहे ना तो.

बी-२०३: ८३ ला कपिल. १९८३ च्या फायनलमध्ये रिचर्ड्सचा झेल कपिलनं मागे धावत घेतला, तसं अण्णा खुर्चीभोवती धावायचे. ७० पार केल्यावरसुद्धा.

बी-५०२: ५८: "आजपासून बायको हीच आमची डेपो मॅनेजर!"

ए-४०३: सुरुवात विसरू नका. स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं टण-टण, डबल बेल दिल्याशिवाय पहिला आकडा निघायचा नाही.

सी-२०२: ६३ लिहू का काकू? "मिटलं एकदाचं!"

डी-२०२ (अण्णांचा मुलगा): आई म्हणते तो ऐकलाय. मुद्दाम पातेल्याकडे तोंड करून ओरडायचे.

ए-१०४: १३ पण आठवतोय. लिहावा की नाही कळत नाही.

डी-२०२ (अण्णांचा मुलगा): लिहा.

ए-१०४: "तेरा. जेवण चांगलं ठेवा रे!"

डी-२०२ (अण्णांचा मुलगा): आई सांगतेय, "म्हणूनच रविवारी जिलबी आहे. मठ्ठाही आहे. पोटभर जेवून जायचं, कोणी एका जिलबीवर उठायचं नाही."

सचिव (ए-१०२): मंडळी, हाऊजी ठरली. मी नव्वद आकड्यांचा तक्ता करून लिफ्टशेजारी लावतो, तिथे पेन बांधून ठेवतो. ज्याला जो आकडा आठवेल त्यानं भरायचा. जो कोणालाच आठवणार नाही तो काकू नुसता पुकारतील, नवीन काही जोडायचं नाही. दूध ३० लिटर सांगितलंय. आता प्रश्न उरला पातेल्याशी उभं राहण्याचा. काकू पुकारायला बसल्या तर ढवळणार कोण?

सी-४०१: मी ढवळतो.

डी-२०२ (अण्णांचा मुलगा): आईचा निरोप आहे, "उलथनं तळापर्यंत फिरव, कडेकडेनं नको. जायफळ अगदी शेवटी. आणि तुझं तिकीट माझ्याकडे ठेव, तुझे आकडे मी खोडते."