मदत हवी आहे: हिवाळ्यात धबधब्याचा छोटा ट्रेक, निसरड्या बर्फाचं काय करायचं?

मंडळी, पुढच्या आठवड्यात आईला घेऊन एका उंच धबधब्याला जायचंय. जाऊन-येऊन जेमतेम 4 किमी, चढ पण फार नाही, आईची खूप दिवसांची इच्छा आहे म्हणून नाही म्हणवत नाही. पण थंडी शून्याच्या खाली आहे आणि माझी खरी काळजी शेवटच्या टप्प्याची, कारण धबधब्याचे तुषार उडून खडकांवर गोठतात आणि तो पातळ बर्फ दिसतच नाही, पाय पडला की गेलाच. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स (छोट्या खिळ्यांच्या साखळ्या) घ्यावेत असं वाटतंय, क्रॅम्पॉन (लांब टोकदार दात्यांचे, कठीण बर्फावर चढायला वापरतात ते) एवढ्यासाठी जास्तच होतील ना? आई 63 वर्षांची आहे, रोज चालते, पण गुडघा थोडा दुखतो, मग उतरताना एक काठी बरी की दोन?

अजून एक, ऊन लागलं की वरचे बर्फाचे सुळके तुटून पडतात म्हणे, म्हणून सकाळी लवकर जाऊन पायथ्यापासून लांबच थांबायचा विचार आहे. साधारण किती लांब थांबता तुम्ही? हेडलॅम्प, थर्मास, जादाचे लोकरी मोजे घेतलेत. आईसोबत कोणी असं गेलं असेल तर प्लीज सांगा.