लॉबीचा टँक: नायट्रेट ५० वर, काय करायचं?

केतकी (बी-३०४): सोसायटीच्या लॉबीतल्या कोरलच्या, खाऱ्या पाण्याच्या टँकचं आजचं टेस्टिंग टाकते. नायट्रेट ५०, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ९.५ डीकेएच, पीएच ८.१, फॉस्फरसच्या मीटरवर ८०. ८० म्हणजे गेलंच की हाताबाहेर!

जोशी काका (ए-१०२): ८० पीपीबी (अब्जात ८० भाग) आहे गं, आणि तेही नुसत्या फॉस्फरसचं. ३.०६६ ने गुण, १००० ने भाग. फॉस्फेट झालं साधारण ०.२५ पीपीएम (दशलक्षात भाग). जास्त आहे, पण हाताबाहेर नाही. नायट्रेटचं मात्र आधी नक्की करू. इतक्या वरच्या आकड्यांना किटमधले लाल रंग डोळ्यांना सारखेच दिसतात. एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग आरओडीआय (गाळून क्षार काढलेलं शुद्ध पाणी) मिसळ, टेस्ट कर, आलेला आकडा गुणिले ५.

केतकी (बी-३०४): केलं. ९ च्या आसपास आलं, म्हणजे ४५.

निखिल (सी-५०१): मग बॅक्टेरियाची बाटली आणून ओतू या का? संपला प्रश्न.

फरीदाताई (ए-६०३): बाटली कसली ते आधी बघ निखिल. नवीन टँक सायकल करायला, म्हणजे त्यात जिवाणू बसवायला मिळते तिच्यात नायट्रिफाइंग जिवाणू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. नको तेच हातात येतं. नायट्रेट खाणारे जिवाणू खडकांवर, वाळूत, पाइपांच्या आत आधीपासून आहेतच. त्यांचं अडलंय कार्बनपाशी. कार्बन मिळाला की ते भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात आणि स्किमर (पाण्याचा फेस करून घाण काढणारं यंत्र) त्यांना फेसाबरोबर कपात काढतो. ही शेवटची पायरी चुकली की मेलेले जिवाणू टँकमध्येच कुजणार आणि पहिले पाढे पंचावन्न.

निखिल (सी-५०१): कार्बन म्हणजे व्होडकाच ना? 😄

सेक्रेटरी: त्या व्हाउचरवर मी सही करणार नाही.

जोशी काका (ए-१०२): नकोच. साधं पांढरं ५ टक्क्यांचं व्हिनेगर घ्या. रंगाचं, फळांचं किंवा चवीचं नको. १ मिली व्होडकात जेवढा कार्बन, तेवढा साधारण ८ मिली व्हिनेगरमध्ये. मात्रा मोठी असल्यामुळे सिरिंजने मोजायलाही सोपं. साखर मात्र कुणी सुचवू नका. ती कोरलना फार लवकर बाधते.

केतकी (बी-३०४): डोस सांगा, मी शीट करते. टँक ४५० चा आहे, पण खडक-वाळू वजा करून सम्पसकट (खालच्या जोडटाकीसकट) पाणी ४०० लिटर.

जोशी काका (ए-१०२): ४०० च धर. पहिले ३ दिवस रोज ३.२ मिली, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत रोज ६.४. दुसऱ्या आठवड्यात रोज १०.४, तिसऱ्यात १४.४, म्हणजे दर आठवड्याला ४ ची वाढ. नायट्रेट उतरायला लागलं की वाढवणं बंद, आहे त्याच डोसवर थांबायचं. ५ ते १० मध्ये आलं की डोस निम्मा करायचा आणि तो कायम ठेवायचा. एकदम तोडायचा नाही.

फरीदाताई (ए-६०३): आणि पहिले दोन-तीन आठवडे किटवर काहीच हलणार नाही. घोळ होतो तो तिथेच. "काही होत नाहीये" म्हणून कुणीतरी डोस दुप्पट करतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं.

निखिल (सी-५०१): ताकासारखं झालं तर?

फरीदाताई (ए-६०३): त्याचा अर्थ जिवाणू पाण्यात एकदम वाढलेत आणि ऑक्सिजन ओढतायत. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की वाट बघत बसायचं नाही. डोस बंद, एअर स्टोन चालू, स्किमरचा कप रिकामा, त्या दिवशी खाणं नाही, २० टक्के पाणी बदल. पाणी स्वच्छ झाल्यावर निम्म्या डोसने पुन्हा सुरू. याच कारणासाठी व्हिनेगर सकाळी, लाइट लागल्यावर द्यायचं. रात्री ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही आपोआप खाली असतात. वर आम्ल ओतलं तर पीएच आणखी बसणार. डोसिंग पंप असेल तर दिवसभरात ४ वेळा थोडं थोडं, सम्पमध्ये जिथे पाणी जोरात वाहतं तिथे. संथ कोपऱ्यात टाकलं की नळीच्या तोंडाशी पांढरी लोंबती बुरशीसारखी चिकट जाळी धरते.

सेक्रेटरी: लाइट गेली तर? इन्व्हर्टरवर सगळं बसत नाही.

जोशी काका (ए-१०२): चांगलं विचारलंत. डोसिंग पंप आणि स्किमर एकाच बोर्डावर लावा. स्किमर बंद तर डोसही बंद. उलटं झालं, म्हणजे डोस चालू आणि स्किमर बंद, तर माशांना धोका.

निखिल (सी-५०१): सोबत फॉस्फेट शोषणारा मीडियापण टाकू ना? लवकर होईल.

जोशी काका (ए-१०२): आत्ता अजिबात नको. जिवाणूंना वाढायला नायट्रोजनबरोबर फॉस्फरसही लागतो. आयर्नचा मीडिया टाकून फॉस्फेट शून्यावर नेलंत, तर नायट्रेट ४० वर अडकून बसेल आणि तुम्ही डोस वाढवत राहाल. नायट्रेट उतरल्यावरही फॉस्फेट ०.१ च्या वर राहिलं तर थोडासा मीडिया. खडकांनी शोषलेलं फॉस्फेट ते हळूहळू सोडत राहतात, म्हणून तो आकडा सावकाशच उतरतो. दोन्ही शून्य करायचा हट्टही नको. शून्यावर कोरल फिके पडतात आणि तपकिरी, बुडबुडे धरणारे डायनो (शेवाळासारखे सूक्ष्म जीव) पसरतात. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ राहू दे.

केतकी (बी-३०४): अल्कलिनिटी ९.५ चालेल?

जोशी काका (ए-१०२): खाली आण. पोषकं (नायट्रेट-फॉस्फेट) कमी आणि अल्कलिनिटी चढी असली की एसपीएस (बारीक पॉलिपच्या कडक) कोरलची टोकं जळतात. बफर (अल्कलिनिटी वाढवणारं रसायन) थांबव, ७.५ ते ८ वर येऊ दे, पण दिवसाला ०.५ पेक्षा जास्त घसरू देऊ नको.

समीर (डी-२०१): बायोपेलेट्स (जिवाणूंना कार्बन देणाऱ्या गोळ्या) का नको? रोज मोजायची कटकट नाही.

फरीदाताई (ए-६०३): वेगळा रिअ‍ॅक्टर लागतो समीर, आणि डोस कमी-जास्त करणं हातात राहत नाही. गोळ्या सतत हलत्या राहायला हव्यात. चिकटून गठ्ठा झाला की आत ऑक्सिजन संपतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. रिअ‍ॅक्टरचं पाणीही थेट स्किमरच्या तोंडाशी सोडावं लागतं. या टँकला व्हिनेगरच बरं.

केतकी (बी-३०४): शीट तयार. वाळूवर लाल चिकट थर आला तर?

फरीदाताई (ए-६०३): सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. डोस वाढवणं थांबव, थर सायफनने ओढून काढ, तिथला प्रवाह वाढव. रिटर्न पंपात आणि पाइपात पांढरट बुळबुळीत थर दिसेल तो मात्र नेहमीचाच, महिन्यातून एकदा ब्रशने घासायचा.

सेक्रेटरी: स्किमरचा कप आता रोज भरणार म्हणताय. धुणार कोण?

निखिल (सी-५०१): सोम-बुध-शुक्र मी. बाकीचे दिवस वाटून घ्या.

केतकी (बी-३०४): मंगळ-गुरु माझे. धुताना साबण नको, साधं पाणी आणि कपाच्या मानेवरून ब्रश. तिथे चिकट थर राहिला की फेस वर चढत नाही.