मदत हवी आहे: 25 जणांसाठी मसाला कणसं, तीही गाडीतून पाऊण तास न्यायचीयेत

मंडळी, जरा अर्जंट आहे. 4 जुलैला नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाकडे बार्बेक्यू आहे, आम्ही न्यू जर्सीत, त्यांचं घर गाडीने पाऊण तासावर. बर्गर-हॉटडॉग यजमानच करणार, बाकीच्यांनी एकेक साइड डिश आणायची आणि माझ्या नावापुढे कॉर्न ऑन द कॉब लिहून ठेवलंय. 25 माणसं, त्यात सात-आठ पोरं.

मागच्या वर्षी काय झालं ते सांगते म्हणजे का घाबरलेय ते कळेल. आपल्याकडे भुट्टा म्हणजे पाऊस, सिंहगडावर धुक्यात उभं राहून खायचा, कोळशावर भाजलेला, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून चोळलेला. इथे कणीस हे उन्हाळ्यातलं खाणं एवढं माहीत होतं, पण मकाच वेगळा असतो हे काही डोक्यात आलं नाही. मी आपली सवयीने कणसं मोडून कुकरमध्ये मीठ घालून 3 शिट्ट्या काढल्या. तिथे पोचेपर्यंत दाण्यांना सुरकुत्या आणि वर भुरभुरवलेला चाट मसाला ट्रेच्या तळाला पाण्यात. सगळ्यांनी 'इंटरेस्टिंग' म्हणत खाल्लं. इथे राहणाऱ्यांना कळेल इंटरेस्टिंग म्हणजे काय ते.

तर किती वेळ उकडायचं, मसाला दाण्यांना चिकटून कसा राहील आणि गरम कसं न्यायचं? आमच्या अपार्टमेंटमध्ये ग्रिल नाही, त्यांच्या ग्रिलवर जागा मिळेलच असं नाही. आणि चव मला आपल्या लिंबू-तिखट-मिठाचीच हवीये, नुसतं बटर नको.

प्रतिसाद 1
3 शिट्ट्या!! अहो तो स्वीट कॉर्न आहे, कच्चाही गोड लागतो. आपला देशी मका पिठूळ असतो म्हणून त्याला वेळ लागतो. पाणी खळखळ उकळलं की कणसं टाका, 4 ते 5 मिनिटं, बास. मीठ पाण्यात नको, नंतर लावा. आणि कणसं आदल्या दिवशीच, जमलं तर त्याच सकाळी आणा, शेतावरच्या स्टॉलवरून मिळाली तर उत्तम. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आठवडाभर फ्रीजमध्ये पडलेलं कणीस काही केल्या गोड लागत नाही. दुकानात पानं सोलून बघायची गरज नाही, वरूनच दाबा, टोकापर्यंत दाणे भरलेले लागले पाहिजेत आणि केस सुकून भुरभुरीत झालेले नकोत.

प्रतिसाद 2
मसाला घसरतो कारण कणीस ओलं असतं. उकडल्यावर 2 मिनिटं चाळणीत उभी ठेवा, वाफ जाऊ दे, मग बटर. मी 25 जणांना 18 कणसं अर्धी करते म्हणजे 36 तुकडे, पोरांना पूर्ण कणीस जात नाही. त्याला 2 स्टिक (साधारण 225 ग्रॅम) बिनमिठाचं बटर मऊ करून त्यात 2 चमचे काश्मिरी तिखट, दीड चमचा मीठ, 1 चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि 2 लिंबांची साल किसून (चमचे छोटे हं). रस बटरमध्ये घालू नका, वेगळा सुटून येतो. लिंबाच्या फोडी शेजारी ठेवा, ज्याला हवं तो चोळेल. पोरांची कणसं आधी साध्या बटरची बाजूला काढा.

प्रतिसाद 3
चाट मसाला घालूच नका, काळ्या मिठाचा वास इथल्या लोकांना उकडलेल्या अंड्यासारखा येतो, अनुभवाने सांगतोय. आम्ही टेक्सासमध्ये मेक्सिकन पद्धतीने करतो, एलोते. मेयो लावायचं, त्यावर किसलेलं कोतिहा चीज, तिखट आणि लिंबू. मेयोमुळे मसाला हलत नाही. मेयोत अंडं असतं, शाकाहारी कोणी असतील तर आधी सांगा. आणि यजमानांना विचारा तरी, बर्गर उतरल्यावर ग्रिल तापलेलंच असतं, उकडलेली कणसं 3-4 मिनिटं फिरवली की काळे डाग पडतात, तेवढ्यानेही सिंहगड आठवतो.

प्रतिसाद 1
गरम न्यायचं राहिलंच. इथले लोक कूलरमध्ये (पिकनिकला गार पदार्थ न्यायची जाड भिंतींची पेटी) कच्ची कणसं टाकून वर उकळतं पाणी ओततात, झाकण लावलं की अर्ध्या तासात तयार. पण प्रत्येक कूलर उकळत्या पाण्यासाठी केलेला नसतो म्हणून मी ते टाळते. उकडून, बटर लावून, चार-चार तुकडे फॉइलमध्ये गुंडाळा, कूलरच्या तळाला जाड टॉवेल, वर टॉवेल, घट्ट बंद. पाऊण तास आरामात गरम राहतात. सुरकुत्या कणसं उघडी गार झाली की पडतात.

धागाकर्ती
थँक्यू थँक्यू! चाट मसाला घरीच राहील. यजमानांना मेसेज केला, ते म्हणाले ग्रिलचा एक कोपरा तुझा. आता एकच, आमच्या कूलरला मागच्या महिन्यातल्या कोळंबीचा वास आहे, बेकिंग सोड्याने जाईल का?