अनुभव धागा : नदीप्रवासातील कनू, वल्हे आणि सुरक्षितता

नदीवर कनू घेऊन जाणाऱ्यांना सल्ला बहुधा नियमांच्या रूपातच मिळतो. लाइफ जॅकेट घालावे, एकट्याने जाऊ नये, पाण्याची पातळी पाहावी, हे सारे नियम योग्यच आहेत. परंतु नाव आडवी होऊन खडकाकडे सरकू लागली की अंग कोणत्या बाजूला झुकवायचे, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते, आणि त्या वेळी विचार करायला अवधीही नसतो. म्हणून नद्यांवर नियमित जाणाऱ्यांना येथे लिहिण्याचे निमंत्रण देत आहे. पाणी कसे होते, नाव कशी भरली होती, वल्हे कोणाच्या हाती होते आणि नेमके काय केल्याने उपयोग झाला, एवढे तपशील अवश्य यावेत. येथे कनू म्हणजे वरून उघडी आणि एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची नाव असे धरले आहे. कयाकचे, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायच्या नावेचे, तंत्र वेगळे आहे, त्यामुळे ते येथे मिसळू नये.

मागच्या बैठकीवरून

ताई पुढे आणि मी मागे, अशी आमची जोडी ठरलेली आहे. पुढे बसणारी व्यक्ती वल्हवण्याची लय ठरवते आणि पाण्यातले खडक तिलाच आधी दिसतात. नाव सरळ ठेवण्याची मुख्य जबाबदारी मात्र मागच्या व्यक्तीची असते. दोघींनी विरुद्ध बाजूंनी सारख्याच जोराने वल्हे मारले तरी मागच्या वल्ह्याने नाव अधिक वळते, त्यामुळे मी उजवीकडे वल्हवत असले की नावेचे तोंड हळूहळू डावीकडे जाऊ लागते. त्यावर जे-स्ट्रोक हा उपाय आहे. फटका नेहमीप्रमाणे पुढून सुरू करायचा, पाते कंबरेच्या मागे जाऊ लागले की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा, आणि पात्याच्या ज्या बाजूने पाणी मागे लोटले तीच बाजू नावेपासून हलकेच बाहेर ढकलायची. अंगठा वर ठेवूनही पाते बाहेर रेटता येते आणि नाव सरळही होते, पण त्यात दर फटक्याला वेग मोडतो आणि दिवसभराच्या प्रवासात त्याचा शीण होतो.

हे तंत्र हातात बसेपर्यंत सराव संथ डोहातच करावा, असे माझे ठाम मत आहे. त्या सरावात आणखी एक गोष्ट उमगते. नुसत्या दंडाच्या जोरावर वल्हे ओढले तर खांदे लवकर भरून येतात. परंतु हात जवळजवळ सरळ ठेवून धड कंबरेपासून वळवले, पाते पूर्ण बुडवले आणि दांडा उभा ठेवला, तर तेच अंतर पुष्कळ कमी श्रमात कापले जाते. वल्ह्याची लांबी निवडण्याची रीत सोपी आहे. बाकावर ताठ बसून वल्हे उलटे धरावे आणि मूठ बाकावर टेकवावी; दांडा पात्याला जिथे मिळतो ती जागा हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान आली, तर लांबी साधारण योग्य समजावी.

खळाळत्या पाण्यात आम्ही दोघी गुडघे टेकून बसतो. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि नावेचा कल गुडघ्यांना लगेच कळतो. मात्र बैठकीखाली पाय सरकवताना बूट अडकत नाहीत ना, हे काठावरच तपासावे, कारण नाव उलटल्यावर पाय तिथून सहज निघायला हवा.

खडकाला आडवी लागलेली नाव

निमंत्रणात ज्या प्रसंगाचा उल्लेख आहे, तोच मला सांगायचा आहे. नद्यांच्या अवघडपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी पहिल्या वर्गापासून सहाव्या वर्गापर्यंत जाते. आमचा रॅपिड (नदीचा वेगाने खळाळणारा टप्पा) त्यांतल्या दुसऱ्या वर्गातला, म्हणजे फारसा अवघड नव्हे. प्रवाहाच्या मध्यभागी एक गोल खडक होता आणि आडव्या धारेने आमची नाव त्याच्याकडे लोटली. अशा वेळी शरीर आपोआप खडकापासून दूर, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकते. मागे बसलेल्या काकांनी त्याच क्षणी "खडकाला बिलगा!" असा आवाज दिला. आम्ही दोघांनी खडकावर हात टेकले आणि अंगाचा भार त्याच्यावर टाकला, तशी नावेची वरच्या बाजूची कड उचलली गेली, पाणी तळाखालून जाऊ लागले आणि हातांनी सरकत सरकत आम्ही बाजूला निघालो.

वरची कड खाली गेली असती तर प्रवाह थेट नावेत शिरला असता. नावेत ४०० लिटर पाणी साचले तर त्याचेच वजन ४०० किलो होते, आणि वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढत असल्याने प्रवाह दुप्पट वेगाचा झाला की जोर चौपट होतो. अशा जोराने नाव खडकाभोवती अक्षरशः दुमडली जाते. म्हणूनच पाण्याने भरलेल्या नावेच्या खालच्या बाजूला, म्हणजे नाव आणि पुढचा खडक यांच्या मध्ये, पोहणाऱ्याने कधीही राहू नये. नाव हातात धरायची झाली तर ती वरच्या बाजूनेच धरावी.

पाण्यात पडल्यावर

वरील अनुभवाला जोडून लिहितो. प्रवाहात पडलेल्या माणसाने पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवावेत, आणि वाहत्या पाण्यात गुडघ्यापेक्षा अधिक खोलीवर उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. तळाच्या दगडांत पाऊल अडकले तर प्रवाह माणसाला पाण्याखाली आडवे दाबून धरतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. प्रवाहात पडलेले झाड किंवा फांद्यांची जाळी समोर आली आणि ती टाळणे अशक्य झाले, तर पोटावर उलटून डोके पुढे करून जोराने तिच्याकडे पोहावे आणि अंग वर, खोडावर चढवावे. पाणी त्या जाळीतून निघून जाते, माणूस मात्र अडकतो. आमच्या गटात हा सराव प्रशिक्षकांनी लाकडी दांड्याचा अडथळा बांधून प्रत्येकाकडून करवून घेतला, आणि तो शब्दांत ऐकणे व अंगाने करणे यांतला फरक तेव्हा सर्वांना समजला.

ठेंगणा बंधारा

ज्या बंधाऱ्याविषयी लिहीत आहे तो माणसाच्या उंचीपेक्षाही कमी होता, आणि नेमके त्यामुळेच त्याच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. वरच्या अंगाने येताना नावेतून तो दिसतच नाही. नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एक सरळ, गुळगुळीत रेघ दिसते आणि तिच्या पलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसतात. नकाशावर त्याची खूण आधीच केलेली असल्याने आम्ही बरेच आधी काठाला लागलो आणि चालत जाऊन खालची बाजू पाहिली. भिंतीवरून पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येत होते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडेच परतत होते. तिथे अडकलेला एक ओंडका फिरत होता. तो भिंतीपाशी जाई, पाण्याखाली दबे, थोड्या अंतरावर वर येई आणि पुन्हा ओढला जाई. आम्ही तिथे उभे होतो तोवर तो त्या फेऱ्यातून सुटला नाही.

नैसर्गिक रॅपिडमध्ये अशा उलट्या प्रवाहाला बहुधा कुठेतरी तोंड असते, बाजूने बाहेर पडता येते. माणसाने बांधलेली भिंत काठापासून काठापर्यंत एकसारखी असल्याने येथे बाजूची वाट मिळत नाही. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने त्यात तरंगण्याची क्षमताही घटते. लाइफ जॅकेट घातलेला उत्तम पोहणारा माणूस येथे वाचेलच असे नाही, आणि वाचवायला गेलेली माणसेही अशा ठिकाणी बुडालेली आहेत. माझ्या दृष्टीने येथे कौशल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नाव खांद्यावर घ्यावी आणि काठाने चालत जावे.

थंड पाणी आणि लाइफ जॅकेट

ऊन चांगले असले तरी वितळलेल्या बर्फाची नदी गारच असते, आणि कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडावेत. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी अतिथंड पाण्यासाठी एक-दहा-एक हे सूत्र लोकांपर्यंत पोहोचवले आहे. पहिल्या १ मिनिटात श्वासावर ताबा मिळवायचा, पुढची साधारण १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. या तिन्ही टप्प्यांत तोंड पाण्यावर राहिले तरच पुढचा टप्पा येतो, म्हणून जॅकेट नावेत ठेवून उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते चढवणे जवळपास अशक्य असते. जॅकेट बसते की नाही हे पाहण्यासाठी सर्व पट्टे आवळून सोबत्याला खांद्यापाशी वर ओढायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकले तर माप चुकलेले आहे.

फेकदोरी

पिशवीत भरलेली, तरंगणारी, १५ ते २० मीटर लांबीची दोरी प्रत्येक नावेत असावी. फेकण्यापूर्वी पडलेल्याला हाक मारून त्याची नजर आपल्याकडे वळवावी. दोरी त्याच्या अंगावरून पलीकडे जाईल अशी फेकावी. त्याने दोरी खांद्यावरून घेऊन पाठीवर तरंगावे. काठावरच्याने ती हाताला कधीही गुंडाळू नये.

सामान बांधावे की मोकळे ठेवावे

यावर मतभेद आहेत आणि मला दोन्ही बाजू ठाऊक आहेत. बांधलेल्या, हवाबंद पिशव्या नावेतली जागा व्यापतात, त्यामुळे नाव उलटली तरी तिच्यात पाणी कमी शिरते. मोकळ्या पिशव्या वाहून जातात, परंतु एका नावेवर दुसरी आडवी ओढून पाणी काढायचे असते तेव्हा बांधलेले सामान अडथळा होते. रॅपिड असलेल्या नदीवर आम्ही घट्ट बांधतो, कारण पिशव्यांपेक्षाही सुटलेल्या दोऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. लोंबणारी दोरी पायात अडकते. ओझे तळाशी आणि मध्याजवळ असावे, आणि भरलेल्या नावेची कड पाण्यापासून किमान १५ सेंटिमीटर वर राहावी.

रात्रीत चढलेले पाणी

आमचा मुक्काम वाळूच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला होता आणि आकाश निरभ्र होते, तरीही वरच्या खोऱ्यात झालेल्या पावसाने पहाटेपर्यंत पट्ट्याचा बराच भाग पाण्याखाली गेला. झोपण्यापूर्वी वहिनींनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती आणि नावा उलट्या करून, पुढच्या व मागच्या दोरीने झाडांना बांधल्या होत्या. उजाडल्यावर काठी दिसेना, पाणी गढूळ झाले होते आणि त्यात फांद्या वाहत होत्या. आदल्या दिवशी सोपा वाटलेला पुढचा टप्पा आता वेगळ्या वर्गातला होता, म्हणून आम्ही तो दिवस तिथेच काढला. दुपारनंतर पाणी उतरू लागले, तेव्हा वहिनींनी काठी नव्या कडेला पुन्हा रोवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्ण कोरडी असल्याचे पाहून आम्ही नावा पाण्यात लोटल्या.