डोळे पाहून म्हणे वाचन कळते!

वावरातला मास्तर:
काल इथं एकानं लिहिलं की पोरगं पडद्यावर वाचत असताना कॅमेऱ्यानं त्याची नजर टिपा, समजलं की नाही ते लगेच कळते, मास्तरची तोंडी परीक्षा बंद करा. बाप्पा! अठरा वर्षं झाली मेळघाटात शिकवून राह्यलो. माझी कोरकू पोरं मराठी धडा सरसर वाचतात. मग विचारा, "आजी कोणावर रागावली?" सगळे चूप. कोरकू भाषा मुंडा कुळातली, मराठीहून पार वेगळी, घरी मराठीचा शब्द नाही. अक्षर वाचता आलं म्हणून अर्थ थोडाच येते? कॅमेरा तर म्हणेल, पोरगं हुशार!

वरुडची संत्री:
सर, त्या पोस्टवाल्यानं जास्तच फेकलं, मान्य. पण तुमचं 'सरसर' कानानं ऐकलेलं आहे. डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो आणि मधे साधारण पाव सेकंद थांबतो. जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत या उड्या १८७९ च्या सुमारासच दिसल्या. अनोळखी शब्दावर नजर जास्त रेंगाळते, मागं फिरते. तुम्हाला ऐकू न येणारी अडखळ यंत्राला दिसेल.

वावरातला मास्तर:
मागं फिरली म्हणजे समजलं नाही, की समजून घेऊन राह्यला? हे कोण ठरवणार?

वरुडची संत्री:
हं. इंग्रजी वाचणारे पट्टीचे वाचकसुद्धा शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागं मारतात. तेवढ्यापुरते तुम्ही जिंकलात, पेढे वाटा.

कवेलू:
माझं ऐका. तिसरीत धड्यात 'घरावरची कौलं' आली. सरांनी विचारलं, कौल म्हणजे काय? मी म्हटलं, देवाले लावतात तो. वर्ग खो-खो हसला, सरही. आमच्या घरावर कवेलूच होते ना! नजर त्या शब्दावर क्षणभरही अडली नसेल, शब्द ओळखीचाच होता. खरा प्रश्न पुस्तकाच्या भाषेचा आहे. पऱ्हाटी, कवेलू, वावर... आमचे शब्द धड्यात येतात का कधी?

धंतोलीचा:
झालं सुरू! मग काय वऱ्हाडीत पुस्तकं छापायची? झाडीबोलीवाले म्हणतील आमची वेगळी, गोंडीवाले आणखी वेगळी. प्रमाणभाषा शिकायलाच तर शाळेत जातात.

कवेलू:
तुम्ही नागपुरात बसून आम्हाले शिकवू नका. पुण्यात पहिल्या नोकरीत 'जाऊन राह्यलो' म्हटलं तर वर्षभर नकला केल्या लोकांनी. आणि गोंडी द्राविडी भाषा आहे भाऊ, तिले बोलीच्या पंगतीत कायले बसवता?

धंतोलीचा:
गोंडीचं चुकलं. बाकीचं नाही. नकला मलाही सोसाव्या लागल्या, मी रडत बसलो नाही.

वरुडची संत्री:
धागा नजरेवर होता हो! माझा भाऊ दहावीपर्यंत 'ढ' होता. तोंडी परीक्षेत घाम फुटायचा, एक ओळ पुरी होत नसे. नंतर कळलं, डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही अक्षरं वाचताना होणारी अडचण. अशा पोराला न बोलता वाचू देऊन, कॅमेऱ्यानं नजर टिपून किमान शंका तरी घेता आली असती. परीक्षा बंद करा असं मी कुठं म्हणते?

वावरातला मास्तर:
ताई, भावाचं वाईट वाटलं. माझ्याही वर्गातून असं एखादं निसटलंच असेल. तालुक्याले एक यंत्र ठेवा, पण निकालपत्रात त्याचा आकडा नको. आणि यंत्र डोळ्यांशी जुळवून घेईपर्यंत मान न हलवता पडद्यावरच्या ठिपक्याकडं पाहत बसणारं पहिलीतलं पोट्टं आधी आणून दाखवा मले.